शेवटच्या थांब्याची हवा

बस डेपोत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. खरं नाव पगार काढणाऱ्या कारकुनाला तेवढं आठवत असावं. खड्डा दिसला की लांबूनच वेग कमी करायचा, म्हातारं माणूस चढलं की ते नीट बसेपर्यंत गिअरला हात लावायचा नाही, आणि ब्रेक असा दाबायचा की उभ्या माणसाच्या किटलीतलं दूधही हिंदकळू नये. घाईतली माणसं त्यांची बस येताना पाहून कपाळाला हात लावत, आणि दिवस भरत आलेल्या बायका मुद्दाम त्यांच्याच बससाठी थांबून राहत.

मार्ग ठरलेला होता. मंडईपासून निघायचं आणि वस्ती संपते तिथल्या शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. ते नोकरीला लागले तेव्हा हा थांबा एका उघड्या माळावर होता. एक खांब, वर पत्रा, बाजूला एक मोठं झाड, आणि पुढे नजर जाईल तिथपर्यंत गवत. बस बंद केली की त्या गवतातून चंडोल सरळ वर उडायचे आणि गात गात दिसेनासे व्हायचे.

घर मात्र शहराच्या अगदी पोटात. चौकावरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. खाली सिग्नलला ट्रक थांबले की खिडकीची तावदानं थरथरायची. त्यांची बायको शाळेचे गणवेश शिवायची. तिला सगळा डेपो वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. पांढरा शर्ट मशीनवर घेतला की वहिनींना खिडकी लावून घ्यावी लागे, नाहीतर संध्याकाळपर्यंत कॉलरवर काजळी बसायची. खिडकी लावली की जीव घुसमटायचा, उघडली की धूर आत. मुलगी झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वहिनींच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. आधी जिना चढताना, मग केर काढताना, मग नुसतं बसल्या जागीसुद्धा.

"डॉक्टर म्हणतात, हवा बदला," दवाखान्यातून आल्यावर चपला काढता काढता त्या म्हणाल्या. "हवा म्हणजे काय पडदा आहे? हा काढला, तो लावला!"

सावकाशरावांचा बोलण्यातही वेग गाडीइतकाच होता. रविवारी सकाळी ड्युटीला निघताना ते दारात थांबून म्हणाले, "चल. बदलून आणू."

वहिनी मुलीला कडेवर घेऊन ड्रायव्हरमागच्या पहिल्या बाकावर बसल्या. तिकीट नको म्हटलं तरी त्यांनी हट्टाने काढलं. कंडक्टर हा आडव्या अंगाचा, सदा हसरा माणूस. गाडीच्या खडखडाटातही त्याला ती छातीतली शिट्टी ऐकू आली.

"वहिनी, दोन शिट्ट्या झाल्या की गाडी सोडायची असा नियम आहे," तो म्हणाला. "तुम्ही मधेच वाजवलीत तर सावकाशराव मला खाली ठेवून निघून जातील."

"तुम्हाला मागे ठेवलं तर गाडी हलकी तरी होईल," वहिनी म्हणाल्या, आणि सगळी बस हसली.

माळावर पोचल्यावर त्या झाडाखाली बसल्या. सावकाशराव टायर तपासून, रेडिएटरमध्ये पाणी घालून आले तेव्हा त्या मुलीला कुशीत घेऊन गाढ झोपल्या होत्या आणि छातीत काहीही वाजत नव्हतं. ते जवळ उकिडवे बसून ऐकत राहिले. कंडक्टरने वेळ झाल्याची खूण केली, तरी त्यांनी हाताने जरा थांब म्हटलं. त्या एकाच दिवशी त्यांची बस स्वतःच्या चुकीने उशिरा सुटली असेल.

मग दर रविवारी तसंच. वहिनी शिवणाची पिशवी घेऊन यायच्या आणि काजं करत झाडाखाली बसायच्या. मुलगी गवतात रांगली, मग धावली, मग तिला तिथे यायचा कंटाळा यायला लागला.

आणि एका उन्हाळ्यात माळावर चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या. जेसीबी आले, खड्डे झाले, सळया उभ्या राहिल्या. झाड गेलं. चंडोल कुठे गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोकांना घरं हवी होती, त्यात वाईट काहीच नव्हतं. मंडईत हमाली करणारा, इस्पितळात फरशी पुसणारी, सगळेच एका खोलीत दाटीने राहून कंटाळलेले. घरं झाली, माणसं आली आणि बस कंपनीने बस आणखी पुढे नेली.

एकदा जेवताना सावकाशराव म्हणाले, "मला वाटतं, हे शहर माझ्या बसमागून येतं. मी आधी जातो, मग चहाची टपरी येते, मग पाटी लागते, मग खड्डा खणतात."

"मग बस रिव्हर्समध्ये चालवून बघा," वहिनी म्हणाल्या. "शहर मागे जातंय का ते कळेल."

ते हसले, पण तो विचार काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

नवा शेवटचा थांबा पाणथळीच्या काठावर होता. पावसाचं पाणी चारी बाजूंनी उतरून तिथे पसरायचं आणि उन्हाळ्यापर्यंत हळूहळू जिरायचं. माणसाच्या उंचीची लव्हाळी, मधे मधे चमकणारं पाणी, पाणकोंबड्या, बगळे. काठावर एका झोपडीत चटया विणणारी एक विधवा बाई राहायची. लव्हाळी कापायची, वाळवायची, विणायची. ड्रायव्हर-कंडक्टर तिला मावशी म्हणत. वहिनींचं तिच्याशी पहिल्याच रविवारी जमलं. दोघी काठावर बसून हात चालवायच्या, एकीची सुई, दुसरीची लव्हाळी, आणि बोलायच्या. कशाबद्दल, ते सावकाशरावांना कधी कळलं नाही. विचारलं तर दोघीही म्हणत, "काही नाही, आपलं असंच."

तिथली हवा अशी होती की वहिनी आठवडाभर त्या एका दिवसावर काढायच्या.

मधल्या काळात मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न झालं, आणि तिने नि जावयाने मिळून घर घेतलं. माळावरच्या त्या इमारतींत, सहाव्या मजल्यावर. आईबाबांना हौसेने घर दाखवलं. ओटा दाखवला, कपाटं दाखवली, गॅलरीत नेऊन उभं केलं. शेजारी दुसऱ्या इमारतीचं काम चाललं होतं आणि कठड्यावर सिमेंटची भुकटी बसली होती.

"वारा छान येतो गं," वहिनी म्हणाल्या आणि पदर नाकाला लावायचा मोह त्यांनी आवरला.

परत येताना बसमध्ये त्या हळूच म्हणाल्या, "आपलं झाड होतं ना, बरोबर तिथे हिची लिफ्ट आहे."

"तिला बोलली नाहीस?"

"तिचं पहिलं घर आहे हो. काय बोलायचं!"

पुढे पुढे पाणथळीवरचीही हवा बदलली. एकदम नाही. मावशी म्हणायची, चटई पुसली की आताशा फडकं काळं निघतं. लव्हाळीच्या शेंड्यांवर भुरा थर दिसायचा. पलीकडच्या बाजूने दुसरं एक शहर वाढत होतं, त्याच्या वीटभट्ट्या वाऱ्याने इकडे धूर सोडायच्या, आणि वारा फिरला की इकडचा धूर तिकडे जायचा. एका थंडीत सावकाशराव सकाळची पहिली बस घेऊन वाटेतल्या पुलावर चढले. पूर्वी पुलावरून आपल्या शहरावरची धुराची पिवळट टोपी एका बाजूला आणि त्या शहरावरची दुसऱ्या बाजूला दिसायची, मधे स्वच्छ आभाळ. त्या सकाळी मधे आभाळ नव्हतंच. इथून तिथपर्यंत एकच धुरकं पसरलं होतं, आणि पाणथळ त्याच्या तळाशी कुठेतरी होती. बगळ्यांचा थवा त्यातून बाहेर आला आणि वळून भलत्याच दिशेला गेला.

त्याच वर्षी तिथे नवा डेपो बांधायचं ठरलं. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर-कंडक्टरांना टेकायला जागा नव्हती, प्यायला पाणी नव्हतं, लघवीला जायला आडोसा नव्हता. नवीन लागलेल्या बाई कंडक्टर तर दिवसभर पाणीच पीत नसत. युनियन कितीतरी वर्षं डेपो मागत होती. त्या मागणीवर सावकाशरावांनीही सही केली होती, आणि मनापासून केली होती. आता मंजुरी आली आणि खुंट्या ठोकल्या गेल्या त्या सरळ लव्हाळीत. बाकीची जमीन कुणा ना कुणाच्या मालकीची होती, पाणथळ तेवढी सरकारी. कागदावर ती पडीक होती.

त्यांनी घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. वहिनींनी हातातलं काज पुरं केलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही जात कुठे होतात?"

"लव्हाळीमागे."

वहिनींना असं हसू फुटलं की त्याचा खोकला झाला. दम्याचा पंप तोंडात धरून दोन श्वास घेतल्यावर त्या म्हणाल्या, "त्या पोरींना जागा हवीच हो. पण पाण्यातच कशाला?"

सावकाशराव डेपो मॅनेजरकडे गेले. मॅनेजर भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "दुसरी जागा दाखवा, मी उद्या खुंट्या उपटतो." दुसरी जागा कुणाकडेच नव्हती.

मग डंपरची रांग लागली. मुरूम, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, सगळं पाणथळीत पडू लागलं. मावशीने झोपडी मोडली. तिचा भाऊ डोंगरापलीकडे नदीकाठी राहायचा, तिथेही लव्हाळी होती. जाताना तिने वहिनींच्या हातात एक गुंडाळलेली चटई ठेवली आणि म्हणाली, "तू ये गं तिकडे. रागावून नको बसू कुणावर."

वहिनींची खरी परीक्षा झाली ती त्यानंतरच्या एका दुपारी. मुलीला ताप होता म्हणून त्या दिवसभर तिच्याकडे होत्या, आणि उतरत्या उन्हात नवऱ्याच्या बसने घरी निघाल्या. थोडं पुढे आल्यावर रस्ता तुंबला. पुढे डंपर, मागे डंपर, मधे मोटारी, रिक्षा, आणि सगळ्यांची इंजिनं चालू. हवा निळसर झाली. सावकाशरावांनी आरशात पाहिलं तर वहिनी पुढचा दांडा धरून वाकल्या होत्या. खांदे वर-खाली होत होते. पंप हातात होता, पण संपला होता. शिट्टी वाजण्याइतकाही श्वास आत जात नव्हता, आणि ते जास्त वाईट हे त्यांना ठाऊक होतं.

बस इंचभर हलणार नव्हती. त्यांनी इंजिन बंद केलं, कंडक्टरला म्हणाले, "पोरीला फोन कर, आईसाठी ठेवलेलं वाफेचं मशीन घेऊन ये म्हणावं," आणि दार उघडून खाली उड्या टाकायच्या वयात नसताना उडी टाकली. पुढच्या डंपरच्या दारावर थाप मारली.

"काय आहे?" वरून ड्रायव्हर ओरडला. त्याने नाकाला फडकं बांधलं होतं.

"बायकोला श्वास येत नाहीये माझ्या. तेवढी गाडी बंद करा."

"एक गाडी बंद करून काय होणार आहे, बाबा?"

"तुमची तर करा. मग पुढच्याला सांगतो."

डंपरवाल्याने बसच्या काचेतून पाहिलं आणि चावी फिरवली. सावकाशराव पुढे गेले. मोटार, रिक्षा, टेम्पो. एकेका खिडकीत वाकून तेच वाक्य. कुणी वैतागला, कुणी आधी काच खाली करेना, पण करत गेले बंद. कंडक्टर फोन करून मागच्या बाजूला धावला. त्याला धावताना डेपोतल्या कुणीही कधी पाहिलं नव्हतं. मग डंपरवालाही खाली उतरला आणि ओरडत ओरडत पुढच्या टोकापर्यंत गेला. हळूहळू तो सगळा रस्ता गप्प झाला. इतका, की कुणाच्या तरी गाडीतलं बाळ रडत होतं ते ऐकू आलं आणि त्याची आई त्याला काय सांगतेय तेही. धूर जागच्या जागी विरायला लागला.

गाड्यांमधल्या फटीतून जावयाने स्कूटर घातली. मागे तापलेली मुलगी मशीन मांडीवर धरून बसली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विजेची वायर बाहेर ओढून दिली. बसच्या पायरीवर बसवून वहिनींना वाफ दिली, आणि काही वेळाने त्यांच्या छातीत पुन्हा शिट्टी वाजू लागली. सावकाशरावांनी ती ऐकली आणि ते खाली रस्त्यावरच बसले.

"उठा, कपडे मळतील," वहिनी मास्कच्या आतून म्हणाल्या.

पुढचे काही दिवस इस्पितळात गेले. डंपरवाला एकदा भेटायला येऊन गेला. दारात उभं राहून म्हणाला, "मलाही रात्री असंच होतं, पण मी कुणाला बोलत नाही." वहिनींनी त्याला तिथल्या तिथे डॉक्टरांसमोर बसवलं.

त्या दुपारची गोष्ट कंडक्टरने डेपोभर केली. पुढे युनियनच्या सभेत तो उभा राहिला. तोवर डेपोची इमारत आणि बस उभ्या करायची जागा होऊन गेली होती. उरलेल्या अर्ध्या पाणथळीवर पुढच्या टप्प्यात कर्मचाऱ्यांच्या गाड्यांसाठी वाहनतळ होणार होता. तो म्हणाला, "मी तर बसनेच येईन. बस कंपनीत कामाला आहोत, बसने यायला लाज कसली?" बरीच खडाजंगी झाली. लांबून येणाऱ्यांची अडचण खरी होती. पहिली बस सुटायच्या आधी त्यांनी यायचं कसं? शेवटी त्यांच्यासाठी डेपोच्या गाडीची सोय करायची आणि वाहनतळ नको म्हणून लिहून द्यायचं असं ठरलं. मॅनेजरने ते आनंदाने वर पाठवलं. उरलेल्या अर्ध्यावर मुरूम पडला नाही. फार मोठं काही झालं नाही. माळ परत आला नाही, पुलावरून दिसणारं धुरकं तसंच राहिलं. पण लव्हाळी अर्धी तरी वाचली, आणि बाई कंडक्टर आता दिवसा पाणी पिऊ लागल्या.

सावकाशराव निवृत्त झाले त्या थंडीत दोघं मावशीकडे गेली. डोंगरापलीकडच्या बसमध्ये ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायकोच्या शेजारी बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय बाकाखाली ब्रेक दाबायचा. "तुमच्या पायाला सांगा, आपण तिकीट काढलंय," वहिनी म्हणाल्या. मोठ्या रस्त्यावर उतरून पुढे गावापर्यंत बरीच पायपीट होती. वहिनी तीन-चारदा बसल्या, पण पोचल्या.

ती थंडी त्यांनी तिथे काढली, मग पुढचीही. वहिनी चटयांना कापडाची किनार लावून द्यायच्या. सावकाशराव लव्हाळी कापायला शिकले, आणि मावशी म्हणायची की त्यांनी कापलेली लव्हाळी विणेपर्यंत नवीन उगवते.

दुसऱ्या थंडीत गावातली माणसं त्यांच्याकडे आली. शाळेतल्या बाई पुढे होत्या. "तुम्ही बस कंपनीतले. आमच्या गावात बस यावी म्हणून आमच्याबरोबर चला. तुमचं ऐकतील."

सावकाशरावांनी नजर टाळली. "बघू," म्हणाले. संध्याकाळी वहिनींना म्हणाले, "बस आली की काय काय येतं ते मी पाहिलंय. मी नाही जाणार."

वहिनींच्या हातातली सुई थांबली. "मावशीच्या भाच्याच्या बायकोला सातवा चालू आहे. दवाखान्यात जायचं तर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाते ती. तिला काय सांगणार, हवा चांगली आहे, चाल?"

"तसं नाही गं."

"तुमच्या बसने मला हवेपर्यंत नेलं, तेही धरा की हिशेबात. नुसतं मागून आलेलं शहर काय धरताय?"

ते रात्रभर कूस बदलत राहिले असावेत, कारण सकाळी वहिनी उठल्या तेव्हा ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसले होते. गावकऱ्यांबरोबर ते कंपनीत गेले आणि परत आल्यावर बस वळवायची जागा स्वतः चालत शोधली. नदीकाठची सपाट जागा सगळ्यांना सोयीची वाटत होती. त्यांनी ती सोडून शाळेमागचं कातळाचं मैदान दाखवलं. "बस इथे वळेल. पाण्यापर्यंत माणसांनी चालत यायचं," ते म्हणाले. "आणि शाळेपासून पाण्यापर्यंतचा पट्टा भरायला द्यायचा नाही, हे आत्ताच आपसात ठरवून टाका. नंतर जमत नाही." त्यांना इतकं सलग बोलताना वहिनींनीही कधी ऐकलं नव्हतं. गावाने ठरवलं. किती वर्षं पाळतील ते कुणी सांगावं. पण ठरवलं, आणि शाळेतल्या बाईंनी ते मुलांकडून भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवूनही घेतलं.

थंडी सरता सरता बस सुरू झाली. एक सकाळी, एक संध्याकाळी. भाच्याची बायको तिच्यातूनच दवाखान्यात गेली आणि पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन संध्याकाळच्या बसने परतली. कातळावर अर्धं गाव उभं होतं. मावशीच्या हाताला लव्हाळीचा वास होता म्हणून तिने आधी तो पदराला पुसून घेतला, बाळ हातात घेतलं, आणि मग सगळी पाण्याकडच्या वाटेने घरी निघाली; मावशी पुढे, मागे बाळाची आई वहिनींचा हात धरून, आणि शेवटी सावकाशराव, दोघींच्या पिशव्या घेऊन.